शंभर ग्रॅमच्या आतला जीव

मांजरीचे नवजात पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅम वजनाचे असते. जन्मानंतर काटा ८० ग्रॅमच्या खाली थांबला, तर ते पिल्लू कमी वजनाचे समजतात. ७५ ग्रॅमच्याही आत भरले, तर पहिला आठवडा त्याच्या जिवावरचा असतो. आकडे लहान म्हणून फरकही लहान वाटतो. पण शंभरातून २० ग्रॅम कमी होणे म्हणजे अंगाचा पाचवा हिस्सा कमी होणे. तीन किलोच्या जागी २४०० ग्रॅमचे बाळ जन्मावे, तसेच हे आहे. आणि माणसाचे बाळ २५०० ग्रॅमच्या आत भरले, की त्याची कमी वजनाचे बाळ म्हणून दवाखान्यात वेगळी काळजी सुरू होते. मांजरीच्या पिल्लाला अशी काळजी मिळायची, तर ती घरातच मिळावी लागते.

वसई-विरारमध्ये ही पिल्ले सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सोसायटीची मीटरची खोली, जिन्याखालचा अडगळीचा कोपरा, दुकानामागे रचलेले रिकामे खोके, पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पडलेली जुनी जाळी, पश्चिमेकडच्या वाड्यांतला वाळल्या पानांचा ढीग. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी इथे महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. वाडी आणि कोळीवाडा एकीकडे, नव्या इमारती दुसरीकडे, अशा या शहरात मांजरीला अन्नाची आणि आडोशाची वाण पडत नाही. पिल्लांना लागणारी शांतता मात्र तिला क्वचित मिळते.

मांजरीचा माजावर येण्याचा काळ दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. युरोपच्या उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस फार आखूड होतो, म्हणून तिथल्या मोकाट मांजरी काही महिने वीत नाहीत. वसई साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे. इथला सर्वांत लहान दिवसही जवळपास ११ तासांचा असतो. त्यामुळे विण्याचा हंगाम लांबतो आणि पिल्ले वर्षातल्या बहुतेक महिन्यांत दिसतात. उन्हाळा आणि पावसाळ्यात अधिक. गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच गाभण राहू शकते, आणि अंगावर पिल्ले पीत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते. कमी वजनाचे एक मोठे कारण इथेच आहे. जी अजून स्वतःच वाढते आहे, किंवा जिच्या अंगावर आधीच्या वेताचा ताण आहे, तिच्या पोटातल्या पिल्लांना अन्न अपुरे पडते. एका वेतात पाच-सहा पिल्ले असली तर गर्भाशयातल्या जागेचा आणि रक्तपुरवठ्याचा वाटा असमान होतो, आणि एखादे भावंडांच्या मानाने बारीकच जन्मते. मांजरीच्या आहारात टॉरिन हे घटकद्रव्य कमी पडले, तरीही पिल्ले लहान किंवा अधू निपजतात. टॉरिन मांस आणि मासळीत असते. केवळ पोळी-दुधावर वाढवलेल्या मांजरीला ते मिळत नाही. मुदतीआधी होणारा जन्म आणि गर्भात होणारा संसर्ग ही आणखी दोन कारणे. अशा पिल्लांचा मार्ग सर्वांत कठीण असतो.

पिल्लू सापडले, की पहिला प्रश्न त्याच्या आईचा. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे जुनी माणसे सांगतात, आणि त्यात निरीक्षण आहे. जागा धोक्याची वाटली, वास वाढला, माणसांची वर्दळ झाली, की ती एकेका पिल्लाला मानेला धरून दुसरीकडे नेते. ही ने-आण चालू असताना मधल्या फेरीत मागे राहिलेले पिल्लू बघणाऱ्याला टाकलेले वाटते. खाण्याच्या शोधात आई दोन-तीन तास बाहेर असू शकते. पिल्ले एकमेकांना बिलगून झोपलेली, पोटे भरलेली आणि अंगे ऊबदार असतील, तर आई येऊन-जाऊन आहे असे समजावे आणि लांबून लक्ष ठेवावे. जवळ उभे राहिले तर ती येत नाही. पिल्लांभोवती जमिनीवर तांदळाच्या पिठाचे पातळ वर्तुळ काढून ठेवले, तर तिची पावले त्यात उमटतात आणि ती येऊन गेली का, ते कळते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हा समज बहुतेक वेळा खरा ठरत नाही. वारंवार हाताळल्याने ती जागा बदलते, एवढे खरे. पिल्लू गार पडलेले असेल, सतत ओरडत असेल, त्याच्या अंगावर मुंग्या चढल्या असतील किंवा जागेवर पाणी येत असेल, तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

आई असेल तर पिल्लू तिच्यापाशीच राहावे, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे पथ्य. त्याचे कारण चिकात आहे. माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून गर्भातच बरीच मिळतात. मांजरीत ती वारेतून जवळजवळ उतरत नाहीत. पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, मिळतात. पिल्लाच्या आतड्यातून ती रक्तात शिरण्याची मुदतही जन्मानंतरच्या १६ ते १८ तासांची आहे. त्या वेळात जे पिल्लू प्याले नाही, त्याला पुढचे कित्येक आठवडे साध्या संसर्गाचेही भय असते. दुबळे पिल्लू नेमके इथेच मागे पडते. मांजरीला बहुधा आठ आचळे असतात, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपले आचळ ठरवून घेते. धटिंगण भावंडे मधे घुसतात. बारीक पिल्लू बाजूला ढकलले जाते आणि कोरडेच लुचत राहते. यावर घरगुती तोड सोपी आहे. मोठ्या पिल्लांना अर्धा-पाऊण तास वेगळ्या ऊबदार टोपलीत ठेवावे आणि लहानग्याला एकट्याला भरल्या आचळाशी लावावे. दिवसातून चार-पाच वेळा असे केले, आणि वजन वाढू लागले, तर बाहेरच्या दुधाची गरजही पडत नाही. आई मेलीच असेल, तर दुसरी व्यालेली मांजर पाहावी. पुष्कळ मांजरी परके पिल्लू सहज घेतात, आणि त्यांचे दूध बाजारातल्या कोणत्याही डब्यापेक्षा सरस असते.

आईविना वाढवायचे ठरले, की काळजी घेण्याचा क्रम ठरून गेलेला आहे: आधी ऊब, मग साखर, मग दूध. हा क्रम उलटा झाल्यानेच हाती आलेली कितीतरी पिल्ले जातात. पिल्लू भुकेने ओरडते आहे असे दिसते, घाईने दुधाचा ड्रॉपर तोंडात जातो, आणि काही तासांत पिल्लू मरते. लोक म्हणतात, दूध पचले नाही. ते खरे आहे, पण न पचण्याचे कारण दुधात नसून गारठ्यात असते.

नवजात पिल्लाला पहिला आठवडाभर थरथरून अंगात उष्णता निर्माण करता येत नाही. चरबीचा साठा नगण्य असतो, आणि वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ फार मोठे, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. कमी वजनाच्या पिल्लात दोन्ही गोष्टी अधिकच बिघडलेल्या. पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराचे तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते. मोठ्या मांजरीचे ३८ ते ३९ असते. पिल्लाचे तापमान साधारण ३४ अंशांच्या खाली उतरले, की आतड्यांची हालचाल मंदावते आणि मग थांबते. हृदयाचे ठोकेही उतरतात. अशा वेळी पोटात गेलेले दूध तिथेच राहते, आंबते, पोट फुगवते, किंवा उलटून फुप्फुसात जाते. पाऱ्याचा घरगुती थर्मामीटर ९४-९५ फॅरनहाइटपासून सुरू होतो, म्हणजे गारठलेल्या पिल्लाचे तापमान त्यावर दिसतच नाही. त्यापेक्षा तोंडात बोटाचे टोक घालून पाहावे. तोंडाचा आतला भाग गार लागला, तर दूध बंद.

वसईसारख्या दमट किनारी गावात पिल्लाला थंडी वाजेल, हे लोकांना पटत नाही. इथे हिवाळाही सौम्य. पण पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवतीची हवा २९ ते ३२ अंश लागते, आणि जुलैच्या पावसात घरातले तापमान बहुधा याच्या खाली असते. फरशीची लादी त्याहून गार, वर पंखा चालू, आणि अंग ओले असेल तर उष्णता आणखी वेगाने जाते. मे महिन्याच्या उकाड्यातही एसीच्या खोलीत ठेवलेले पिल्लू गारठते. आपल्याला घाम येतो म्हणून पिल्लाला ऊब नको, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

ऊब सावकाश द्यायची असते. ओल्या पिल्लाला आधी मऊ कापडाने कोरडे करावे. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या सुती साडीची घडी, तिच्याखाली एका बाजूला शेकायच्या रबरी पिशवीत किंवा बाटलीत गरम पाणी, त्यावर कापडाचे दोन पदर. दुसरी बाजू मोकळी ठेवणे आवश्यक, म्हणजे जास्त गरम झाले तर पिल्लाला सरकता येते. अगदी अशक्त पिल्लू सरकत नाही, तेव्हा दर अर्ध्या तासाने हात लावून पाहावे. थेट गरम पिशवीवर ठेवलेले पिल्लू भाजते आणि त्याला ते कळवताही येत नाही. हेअर ड्रायर, चुलीजवळ ठेवणे, कडक गरम पाण्यात बुडवणे हे सर्व घातक, कारण कातडी झटकन तापली तर आतले रक्त बाहेरच्या बाजूला ओढले जाते आणि हृदयावर ताण येतो. गारठलेले पिल्लू पूर्ववत व्हायला एक ते तीन तास लागू द्यावेत. खोके जमिनीपासून वर, चार पायांच्या स्टुलावर, आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. लाल मुंग्यांनी एका रात्रीत पिल्लाचे डोळे आणि नाळ कुरतडल्याचे प्रकार घडतात, आणि त्यावर गूळ मुंग्यांपासून जपण्याचा हा जुना उपाय लागू पडतो.

विजेवर चालणारे गरम पॅड चांगले, पण या शहरात त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. जुलै २०१८च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या, वसईच्या मिठागरात माणसे अडकली आणि शहराच्या मोठ्या भागात वीज बंद राहिली. दर पावसाळ्यात लहान प्रमाणात हेच घडते. गॅसवर तापवलेले पाणी आणि रबरी पिशवी वीज नसतानाही चालते. तेही जवळ नसेल, तर माणसाचे अंग आहे: कापडात गुंडाळून छातीशी धरलेले पिल्लू तासाभरात हलू लागते.

अंग ऊबदार झाले की साखर. पिल्लाच्या यकृतातला साखरेचा साठा काही तासांत संपतो, आणि रक्तातली साखर उतरली की ते लुळे पडते, डोके वर धरत नाही, क्वचित आचके देते. ग्लुकोज पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात विरघळवून बोटाने हिरड्यांना चोळावी. एक-दोन थेंबच, आणि ते जिभेवर. गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये. दहा-पंधरा मिनिटांत हालचाल सुधारली, चोखण्याची ओढ दिसली, की मग दुधाकडे वळावे.

दुधाच्या बाबतीत घरोघरी एकच चूक होते. पिशवीतले गाईचे दूध किंवा तबेल्यातले म्हशीचे दूध पाणी घालून दिले जाते. गाईच्या दुधात प्रथिने साधारण सव्वातीन टक्के. मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक. दुधातली साखर मात्र गाई-म्हशीच्या दुधात मांजरीपेक्षा जास्त. म्हणजे पिल्लाला जे हवे ते कमी आणि जे झेपत नाही ते जास्त. त्यात पाणी घातले की उरलेसुरले पोषणही अर्ध्यावर येते. जुलाब होतात, पाणी कमी पडते, आणि ७० ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाबही सोसत नाहीत. माणसाच्या बाळाची डबाबंद पावडरही मांजरीसाठी कमी प्रथिनांची असते. मांजरीच्या पिल्लांसाठी बनवलेली दूधपावडर पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. डब्यावरच्या प्रमाणातच ती कालवावी. पावडर हाती येईपर्यंतच्या एक-दोन वेळा शेळीच्या दुधावर निभावता येतात. त्याला कायमचा पर्याय समजू नये.

किती द्यायचे, हे वजनावरून ठरते. पहिल्या आठवड्यात दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण २० मिलिलिटर दूध लागते, आणि जठरात एका वेळी दर १०० ग्रॅममागे चार मिलिलिटरच्या आसपासच मावते. म्हणून ७० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसात साधारण १४ मिलिलिटर, दर दोन तासांनी सव्वा मिलिलिटरच्या आसपास, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांचे अंतर चालते. भूक मोठी दिसली म्हणून एकदम जास्त पाजणे हे जुलाबाचे सर्वांत सामान्य कारण आहे. दूध मनगटावर कोमट लागावे. बाटलीचे निपल असेल तर छिद्र इतकेच, की बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने पडावे. धार लागली तर पिल्लाला ठसका लागतो. अगदी बारीक पिल्लासाठी सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज सोयीची, पण दट्ट्या दाबायचा नसतो. पिल्लू चोखेल तसा तो हलू द्यायचा.

पाजताना पिल्लू पोटावर, आईजवळ लुचताना असते तसे, मान किंचित वर. माणसाच्या तान्ह्यासारखे उताणे धरले, तर दूध श्वासनलिकेत जाते. नाकातून दुधाचा बुडबुडा आला की ताबडतोब थांबून डोके खाली करावे; अशा पिल्लात एक-दोन दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो बरा करणे अवघड असते. जे पिल्लू चोखतच नाही, त्याला बळजबरीने सिरिंजने पाजण्याचा मोह आवरावा. त्यासाठी जठरापर्यंत जाणारी मऊ नळी घालून दूध देतात. ती पशुवैद्याने किंवा त्यांच्याकडून हात शिकलेल्या माणसानेच घालावी, कारण चुकून श्वासनलिकेत गेलेली नळी पिल्लाला मारते.

पाजण्याआधी किंवा नंतर आणखी एक काम असते, जे न कळल्यामुळे पोट भरलेली पिल्लेही दगावतात. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हाच होते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस शेपटीखाली हळुवार फिरवावा, अर्धा-एक मिनिट. लघवी फिकट हवी. गडद पिवळी झाली, तर अंगातले पाणी कमी पडते आहे. मोठ्या मांजरीत कातडी चिमटीत धरून पाणी कमी झाले का पाहतात. नवजात पिल्लात त्या परीक्षेचा भरवसा नाही, म्हणून लघवीचा रंग आणि हिरड्यांचा ओलावा पाहावा.

या सगळ्याचा निकाल वजनकाट्यावर लागतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. त्यावर वाटी, वाटीत पिल्लू, रोज ठरल्या वेळी, पाजण्याआधी, आणि आकडा वहीत. पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढावे आणि दोन आठवड्यांत जन्माच्या दुप्पट व्हावे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी थोडी घट चालते. त्यानंतर चालत नाही. डोळ्यांना पिल्लू तेच दिसते, हालचालही तीच वाटते, पण काट्यावर दोन ग्रॅम उतरलेले असतात, आणि आजार दिसायच्या एक दिवस आधी तो आकडा उतरतो. चोवीस तासांत वाढ नाही, किंवा घट झाली, तर पशुवैद्याकडे जाण्याची वेळ आलेली असते.

महाराष्ट्रात याच तीन गोष्टींवर, ऊब, पोषण आणि वजनाची नोंद, माणसाच्या बाळांसाठी फार मोठे काम झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळ तोलायला, ऊबदार पिशवीत ठेवायला, स्तनपानाला मदत करायला आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. इन्क्युबेटर नसलेल्या घरात काय साधता येते, याचा हा जगभर मानला गेलेला पुरावा. त्याआधी, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय यांनी कमी दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली होती. प्राणी वेगळा असला तरी दुबळ्या नवजात जिवाचे मरण त्याच वाटेने येते, म्हणून उपायही तेच लागू पडतात.

पशुवैद्य ज्या अवस्थेला 'फेडिंग किटन' म्हणतात, तिची चिन्हे ओळखू यावीत. पिल्लू भावंडांपासून वेगळे पडते, दूध सोडते, अखंड आणि कमजोर आवाजात ओरडते, नंतर ओरडणेही थांबते. हिरड्या फिकट होतात. यामागे संसर्ग असू शकतो, जन्मजात व्यंग असू शकते, आणि वसईत वारंवार दिसणारे आणखी एक कारण म्हणजे पिसवा. पिसवांनी रक्त शोषून इवल्या पिल्लाला पंडुरोग होतो. बाजारातली कुत्र्यांची पिसवांची औषधे इथे सर्रास वापरली जातात आणि तिथेच अनर्थ होतो: त्यांतल्या अनेकांत पर्मेथ्रिन असते, ते मांजरीला विषारी आहे. नवजात पिल्लासाठी बारीक दातांची फणी आणि कोमट पाण्याचा कपडा एवढेच साधन. अंग ओले झाले तर लगेच कोरडे करून ऊब. ताप उतरवायला पॅरासिटामॉल देणे म्हणजे मांजरीला मारणे. फिनेलने पुसलेल्या ओल्या लादीवर पिल्लू ठेवू नये; फिनॉल जातीची द्रव्ये मांजरीचे यकृत नीट निष्प्रभ करू शकत नाही, आणि ती पंजे चाटून पोटात जातात. पावसाळ्यात नाळेच्या किंवा जखमेच्या जागी माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. नाळेला पोव्हिडोन आयोडिन लावून जागा कोरडी ठेवावी; अळ्या दिसल्या तर घरी उपाय न करता दवाखाना गाठावा.

दवाखान्याचे अंतर हा या शहराचा जुना प्रश्न आहे. खासगी पशुवैद्य वसई, नालासोपारा आणि विरारमध्ये आहेत, पण रात्रीची वेळ आणि रक्त देण्याइतकी गंभीर अवस्था आली, की मुंबईकडे पाहावे लागते. परळला एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे, आणि त्याच भागात १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. महालक्ष्मीला २०२४मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. विरारहून चर्चगेट ६० किलोमीटर, आणि महालक्ष्मीला फास्ट लोकल थांबत नाही. प्रवासात पिल्लाजवळ कापडात गुंडाळलेली गरम बाटली असलीच पाहिजे, नाहीतर ज्या पिल्लाला उपचारांसाठी नेले ते वाटेतच गारठते. निघण्याआधी फोन करून नवजात पिल्लू घेतात का, हे विचारणे वेळ वाचवते.

सांभाळणाऱ्या माणसानेही जपावे. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत; घरात दुसरी मांजर असेल तर दोन आठवडे पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवावे, कारण मांजरीचा पार्व्हो विषाणू कपड्यांवरून आणि हातांवरूनही पसरतो. भटक्या आईने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे. पिल्ले पोत्यात घालून मासळी बाजारात सोडण्याची सवय काही वस्त्यांत आहे; उपासमार होईल अशा ठिकाणी प्राण्याला टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे.

सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात. पापण्यांमागे पू साठून त्या फुगल्या, तर वाट न पाहता उपचार करावेत, नाहीतर डोळा जातो. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू पायांवर उभे राहते, पुढचे दात येतात, आणि स्वतः शी-शू करू लागते. आईच्या दुधातून गोल जंत पोटात जातात, म्हणून दोन-तीन आठवड्यांपासून पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध सुरू होते आणि दर पंधरा दिवसांनी दिले जाते. चौथ्या आठवड्यात निरोगी पिल्लू ४०० ग्रॅमच्या आसपास येते. ७० ग्रॅमवर जन्मलेल्याला तिथे पोचायला आठवडाभर जास्त लागला, तरी रोजची वाढ चालू असेल तर काळजीचे कारण नाही. त्या सुमारास पावडरच्या दुधात पिल्लांचे ओले खाद्य किंवा उकडून कुस्करलेले कोंबडीचे मांस कालवून सुरुवात करावी. मांसात कांदा-लसूण नको. किनाऱ्यावरच्या घरांत सहज हाती असलेली खारवलेली सुकी मासळी पिल्लाला देऊ नये. ताजा मासा उकडून, काटे काढून, थोडासा चालतो.

आठव्या आठवड्यात पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस बाराव्या आठवड्यात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू नव्या घरी देऊ नये. बाटलीवर एकट्याने वाढलेले पिल्लू चावण्या-ओरबाडण्याला आवर घालायला शिकत नाही, कारण ते धडे भावंडे देतात. शक्य असेल तर दोन पिल्ले एकत्र द्यावीत.

मोकाट मांजरींची बहुतेक पिल्ले मोठी होतच नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मोकाट मांजरींच्या १६९ पिल्लांपैकी १२७ सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. वसईच्या रस्त्यांवर, पावसात आणि रिक्षांच्या चाकांखाली चित्र याहून बरे असण्याचे कारण नाही. म्हणून एका पिल्लासाठी रात्री जागणाऱ्या घराने त्याच्या आईकडेही पाहायला हवे. पिल्ले आठ आठवड्यांची होऊन दूध आटल्यावर तिची नसबंदी करता येते. त्याआधी ती पुन्हा गाभण राहू नये म्हणून शक्य असेल तर घरातच ठेवावी. वाचलेल्या पिल्लांची नसबंदी, ती निरोगी असतील आणि पशुवैद्याने वजन पुरेसे मानले असेल तर, चौथ्या-पाचव्या महिन्यात, म्हणजे बहुधा पहिल्या माजाच्या आत होते. आईला तिच्या जागी परत सोडताना नसबंदीची खूण म्हणून कानाचे टोक किंचित छाटलेले असते, त्यामुळे तिला पुन्हा पकडण्याची आणि भूल देण्याची वेळ येत नाही.